धर जरा, पाणी पिऊन येतो

आन् पाणी प्याले माणसाले किती वेळ लागते, तुमीच सांगा राजेहो! एक तांब्या? दोन तांबे? अरे, बैल सुदिक हौदातून कवा ना कवा तोंड वर काढते! पण आमचा वीणेकरी चंद्रभान... "नत्थुजी, धर जरा, पाणी पिऊन येतो," म्हणे, आन् वीणा माह्या गळ्यात अडकवून जो गेला, तो गेलाच!

तुमाले सांगतो, मी वीणेकरी नाईच. पातुराजवळचं आमचं तारेचं मंडळ, दोन तुणतुणे, एक सारंगी, एक वीणा. बारसं असो, हळद असो, बोलावलं का आमी हजर. मी तुणतुण्यावाला. तुणतुण्याचं बरं असते, वाजवलं, खुंटीले टांगलं, चालले घरी. पण सप्त्यातली वीणा! सात दिवस खाली टेकवाची नाई, तार थांबवाची नाई, दुसऱ्यानं गळ्यात घेतल्याबिगर जागचं हलाचं नाई. टेकली, का साऱ्या गावाचा सप्ता मोडला! मंग राहा बाप्पा उभा, देवापुढं खांबासारखा...

आन् दिवस कोणता? माही जयवंता सासरी जाऊन राहिली होती! दीड वर्षानं आलेली लेक, चार दिवसांची पाहुणी, तिचा दीर गोवर्धन नांदगाव पेठेवरून न्यायले आलेला. लढाईचे दिवस, पेट्रोल नाई, कोळशावर चालणारी एकच मोटर, दोन वाजता देवळापुढून अकोल्याले जाये. चार दिवस घरात पाहुणे, पोरीसंग निवांत बोलणंच नाई झालं. म्हटलं, मोटारीपाशी गाठीन, एकच गोष्ट इचाराची हाये. आन् एक वाजून गेला! पण पाणी पिऊन येतो म्हणाला होता ना तो...

देवीदास आला. खुणेनंच म्हटलं, "घे रे बाबू!" तं म्हणे, "काका, माही आंघोळ नाई झाली." भर दुपार, आन् याची आंघोळ नाई! खुशालराव आले. "माहा पहारा सांजच्याले हाये, नत्थू. ते पाय, पाटीवर लिहेल हाये." मले कुठं वाचता येते? हे साऱ्याइले ठाऊक, म्हणून सारा गाव त्या पाटीकडंच बोट दाखवे!

तेवढ्यात जयवंता आली, बोचकं घेऊन, मांगं दीर. वाकून पाया पडली. आता वीणा गळ्यात असली का देवाचं नाव थांबवता येत नाई, बोलता येत नाई. मंग करू काय? चालीतच सुरू केलं... "रामकृष्णहरी, भाकर घेतली काय, रामकृष्णहरी, वांगे खाली दाबू नको..." आन् आमचे टाळकरी! डोळे मिटून बसेल, झोकात उचललं त्याईनं, "वांगे खाली दाबू नकोऽऽ! वांगे खाली दाबू नकोऽऽ!" सारं देऊळ हाललं राजेहो!

हसून-हसून पोरगी रडाले आली. मंग मी हळूच म्हटलं, "रामकृष्णहरी... सुखात हाय काय वो माय तू तिथं?"

टाळ थांबले. कोणीच नाई उचललं.

तिनं माह्याकडं पायलं, दिराकडं पायलं. बोचकं खाली ठेवलं, माह्या गळ्यातून वीणा काढली आन् आपल्या गळ्यात घातली! "रामकृष्णहरी, बसा बाबा. कवाचे उभे हा तुमी." लहानपणी माह्यापाशीच शिकली ना ते, तार कशी सुरात!

खुशालराव ओरडले, "बाईमाणसाच्या गळ्यात वीणा? काय होऊन राहिलं हे!"

म्हटलं, "मंग घ्या तुमी."

झालं! खुशालराव पाटीकडं पायतेत, देवीदास छताकडं, टाळकरी टाळाकडं. बाहेर मोटर पों-पों करून राहिली, गोवर्धन आत-बाहेर पळून राहिला, "वहिनी, चाला! वहिनी, मोटर!" वहिनी कशी येईन? वीणा हाये गळ्यात! गेली मोटर धूर सोडत.

सांजच्याले खुशालरावच्या पहाऱ्यानं सुटली पोरगी. घरी आली, दोन भाकरी खाल्ल्या, आन् मायच्या मांडीवर डोकं ठेवून अशी झोपली, अशी झोपली... मले उठवू नाई वाटलं. म्हटलं, उद्या इचारू, मोटर तं दोनलेच हाये.

दुसऱ्या दिवशी देवळापुढं आमी वेळेच्या आधी उभे. मोटर आली. गोवर्धन आता शहाणा झाला होता, त्यानं वहिनीले आधी आत बसवलं, आन् सोता दाराशी बसला. मी खिडकीपाशी गेलो, तोंड उघडलं, "जयवंता, माय..."

आन् मागून आवाज. पहारा चंद्रभानचा, आन् तो नेम मोडून वीणा घेऊन थेट मोटारीपाशी! "नत्थुजी, धर जरा!"

आता तुमी म्हणान, धरली काहून? अरे, तो हात सोडूनच राहिला होता! खाली पडू देऊ काय? साऱ्या गावाचा सप्ता!

मोटर हालली. जयवंतानं खिडकीतून हात केला, मी तार छेडली. इचाराचं राहूनच गेलं. आता दिवाळीले येईन ते, तवा इचारीन.

चंद्रभान? तो अजून पाणीच पिऊन राहिला.