विटांवरची फियाट

सरोजिनी : हेच का ते स्टेअरिंग नक्की? आपलं पांढरं होतं.

कारभारी : हेच हाय, वहिनी. पिवळं पडलंय, एवढंच. तुमच्या अमेयभाऊनं कॉलेजात असताना ते बारकं काळं स्टेअरिंग बसवून घेतलं, तवा तुम्हीच म्हणालात, जुनं भंगारात द्या. म्या दिलं नाय. गॅरेजात खिळ्याला अडकवलं. दसऱ्याला त्यालाच हार घालतो.

सरोजिनी : बसेल ना?

कारभारी : बसंल की. दाते शाबूत हायत. पर एक इचारू? साहेबांला आता समोरचं माणूस दिसंना. मग हे कशापायी?

सरोजिनी : जेवत नाहीत हो. गेल्या सोमवारी मी पाण्याच्या रांगेत उभी, आणि हे गाडी घेऊन फाटकातून बाहेर. थेट टँकरला जाऊन टेकली. समोरच्या कडुबाची सून हातभर मागं सरली म्हणून वाचली. तिची घागर गेली चाकाखाली.

कारभारी : अरे देवा.

सरोजिनी : आणि वर काय म्हणाले, हे काळं चाक माझं ऐकत नाही. माझं जुनं असतं तर बरोबर वळवली असती. ते बसवल्याशिवाय घास घेणार नाही म्हणून बसलेत. नाचता येईना अंगण वाकडं.

कारभारी : किल्ली लपवा मंग.

सरोजिनी : लपवली. दुसरी आहे त्यांच्याकडे. उशीखाली हात घातला की मनगट धरतात.

कारभारी : बॅटरी काढून नेऊ?

सरोजिनी : डोळे गेलेत, कान नाही गेले. इंजिन लागलं नाही की पुन्हा तोंड फिरवून पडतील. मी म्हणते, चाक असं बसवा ना, की नुसतंच फिरेल.

कारभारी : नाय, वहिनी. इंजिन चालू आन् स्टेअरिंग सुटं, म्हंजी आंधळ्या रेड्याला गल्लीत सोडल्यागत. माफ करा. भलतंच निघालं तोंडातून.

सरोजिनी : राहू द्या. मग काय करायचं?

कारभारी : मागली चाकं उचलतो. समोर बिल्डिंग चाललीय, तिथून इटा आणतो आन् आक्सलखाली रचतो. इंजिन चालंल, गिअर पडंल, स्टेअरिंग पयल्यासारखं जड लागंल. मागली चाकं हवेत फिरतील आन् गाडी जागच्या जागी.

सरोजिनी : म्हणजे फसवायचंच त्यांना.

कारभारी : व्हय. फसवायचंच.

सरोजिनी : साडीची किंमत कमी सांगितलीय मी आजवर, नाही असं नाही. पण हे असलं कधी केलं नाही. दमले हो, कारभारी. नळाला आठवड्यानं पाणी, या नव्या इमारतींनी बोअर आटवली, आणि अमेय फोनवरून सांगतो, गाडी विकून टाक. विकून ह्यांना कुठं बसवू? रचा विटा. ते उठायच्या आत रचा.

(दुपारची झोप झाल्यावर अनंतराव भिंत धरून अंगणात येतात, चाचपडत गाडीत बसतात. सरोजिनी त्यांच्या शेजारी बसते. कारभारी खिडकीशी उभा राहतो.)

अनंतराव : हं. हेच. इथं आतून चीर आहे, उन्हानं गेलेली. कारभारी, कुठं मिळालं?

कारभारी : गॅरेजातच व्हतं, साहेब.

अनंतराव : जिवंत माणूस भेटल्यासारखं वाटलं. सरोज, फाटक उघडलंस?

सरोजिनी : उघडलं. हळू घ्या.

अनंतराव : कुठं जायचं?

सरोजिनी : हर्सूलला. तळं पार कोरडं पडलंय म्हणतात, बघून येऊ.

अनंतराव : तू बघ आणि मला सांग. हा टाकला दुसरा गिअर. हा तिसरा. काय गं, आपल्या पडेगावचा रस्ता केला वाटतं. एक खड्डा लागला नाही.

कारभारी : लई भारी केलाय, साहेब. मागल्याच महिन्यात.

अनंतराव : कारभारी, तुम्ही गाडीबरोबर पळताय का?

सरोजिनी : अहो...

अनंतराव : दम तरी लागू द्या थोडा. बंद करतो.

सरोजिनी : त्यांचा दोष नाही. मीच सांगितलं त्यांना. रागावू नका.

अनंतराव : बसलो तेव्हाच कळलं मला. गाडी तोंडावर कललीय. आपल्या अंगणाला उतार कधी होता?

सरोजिनी : मग गप्प का बसलात?

अनंतराव : फाटक उघडलं म्हणालीस, तेव्हा तुझा आवाज कापला. म्हटलं, चालू दे. ती घागर फुटली तो आवाज माझ्याही कानातून जात नाही, सरोज. उगाच चाकावर ढकललं मी सगळं.

सरोजिनी : मग हे कशाला हवं होतं?

अनंतराव : कुठं जायचं नव्हतं मला. दिवसभर हात रिकामे असतात गं.

सरोजिनी : चालू करा पुन्हा. मी बसलेय.