वळणावर झेंडा धरून कोण उभे होते

मी, खाली सही करणारी, वय चोवीस वर्षे, शिक्षण पदवीपर्यंत, व्यवसाय नोकरी, कुरिअर कचेरीत पार्सल घेण्याच्या खिडकीवर, राहणार गॅरेजच्या गल्लीत टायरच्या दुकानावरच्या मजल्यावर, सोबत आई, वडील व थोरला भाऊ. आज ठाण्यात स्वतःहून आले आहे, मला कोणी बोलावलेले नाही. विचारलेले आणि न विचारलेलेही सांगते, ते असे.

रविवारी मोटार शर्यतीच्या शाळेच्या आवारात जो अपघात झाला, त्यावेळी मी तिथे होते. त्या प्रकरणी शाळेच्या गेटवर बसणाऱ्या काकांना काल ठाण्यात आणले आहे. वळणावर झेंडा घेऊन ते उभे होते आणि तो त्यांनी वेळेत दाखवला नाही, असे त्यांच्या नावावर लिहिले गेले आहे. काका वळणावर नव्हते. तिथे मी होते. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे माझ्याकडून काही राहिले तरी एवढे राहणार नाही.

ही शाळा का निवडली, असे साहेबांनी विचारले. माझे वडील मालाचा ट्रक चालवतात आणि भाऊ डिलिव्हरीची व्हॅन चालवतो. गाडी चालवणे हे आमच्या घरात पोटापाण्याचे काम आहे. मला ते हौस म्हणून शिकायचे होते. शर्यतीत उतरायचे होते, जिंकायचेच असे नाही. आई म्हणाली, "तुझा बाप सांभाळून चालवतो म्हणून आपण दोन घास खातो. आणि तू वर पैसे भरून जोरात चालवायला शिकणार?" भाऊ म्हणाला, "माझी व्हॅन ने. चढावर तिला चाळीसच्या पुढं नेलीस तर मीच तुला कप देतो." पण कोणी अडवले नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, त्यामुळे शिकण्याची गोष्ट निघाली की मला सहसा अडवत नाहीत.

मी तीन शाळा पाहिल्या. पहिली शहराबाहेरच्या मोठ्या ट्रॅकवर होती. काचेची खोली होती, गार हवा होती. तिथल्या बाईंनी विचारले, "तुमची गाडी कुठली?" मी भावाच्या व्हॅनचे नाव सांगितले. त्या हसल्या नाहीत, उलट पाणी आणून दिले, त्यामुळे मला जास्त अवघडल्यासारखे झाले. तिथल्या एका शिबिराची फी भरायची तर मला बरेच महिने पगार घरी देता आला नसता. त्यांनी दिलेले माहितीपत्रक फार भारी कागदाचे होते. मी परत यायची नव्हते, म्हणून ते निघताना टेबलावर ठेवून आले.

दुसरी शाळा एका मॉलच्या तळघरात होती. तिथे पडद्यापुढे खुर्ची आणि स्टिअरिंग. फी परवडणारी होती आणि पडण्याझडण्याची भीती नव्हती. वडील सोबत आले होते. त्यांनाही बसवले. त्यांनी ब्रेक दाबला, खुर्ची हलली, तसे ते उतरले आणि म्हणाले, "हिला वासच नाही गं. गाडी तापली की वास आला पाहिजे. मग कळतं काय दुखतंय तिचं." मलाही तसेच वाटले होते. वडील बोलले म्हणून मी ती सोडली असे लिहू नये.

तिसरी ही शाळा. बंद पडलेल्या कारखान्याच्या मोकळ्या आवारात ती दर रविवारी भरते. गाड्या जुन्या, आतल्या सीटा काढून लोखंडी पाइपांचा पिंजरा बसवलेल्या. शिकवणारे सर पूर्वी स्वतः शर्यती खेळलेले आहेत. मी त्यांना बरेच प्रश्न विचारले. ब्रेक कोण तपासतो, हेल्मेट कुणाचे, काही झाले तर कुठे नेता. त्यांनी एकही प्रश्न टोलवला नाही. ब्रेक रोज सकाळी तुमच्यासमोर तपासतो, म्हणाले, आणि तसे ते करतही. रुग्णवाहिका दिसत नाही, असे मी म्हटले. ते म्हणाले, "रुग्णवाहिका उभी ठेवली तर तुमची फी दुप्पट होते. ठेवू का? बोला." मी नको म्हणाले. मी नको म्हणाले होते, हेही लिहून घ्यावे.

एवढी स्वस्त कशी परवडते, हेही मी विचारले. सर म्हणाले, "इथं अर्धा दिवस तुम्ही गाडी चालवणार आणि अर्धा दिवस वळणावर झेंडा धरणार. मोठ्या ट्रॅकवर झेंड्याला पगारी माणसं असतात. इथं तुम्हीच." मला ते पटले. आमच्या घरी जो जेवतो तो आपले ताट धुतो, त्यातलेच हे वाटले. यात धोका दिसला नाही का, असे साहेबांनी आता विचारले. तेव्हा नाही दिसला. तेव्हा मला त्यात न्याय दिसला.

झेंडे सरांनी गाडीच्या आधी शिकवले. पिवळा म्हणजे पुढे अडथळा आहे, वेग कमी करा, कुणाला मागे टाकू नका. त्याहून महत्त्वाचे म्हणून एक गोष्ट त्यांनी आमच्याकडून ओरडून म्हणून घेतली. डोळ्यासमोर काहीही झाले तरी झेंडेवाल्याने जागा सोडायची नाही, कारण मागून आणखी गाडी येत असते.

अपघातात जखमी झालेले गृहस्थ बेकरी चालवतात. त्यांची बेकरी आमच्या कुरिअर कचेरीसमोर आहे. खिडकीवर गर्दी नसताना मी शाळांची माहिती वाचत बसायचे, ते त्यांनी पाहिले. तरुणपणी शर्यतीत उतरायची त्यांची फार इच्छा होती, पण भट्टीपुढून हलता आले नाही, असे ते सांगायचे. त्यांनी दुसरी कुठलीही शाळा पाहिली नाही. "तू शोधलीस ना? मग झालं. तू दोन रुपयांचा बन घेतानासुद्धा उलटा करून बघतेस," असे म्हणून ते माझ्यानंतर आठवड्याने दाखल झाले. मला ते झेंडाताई म्हणत. गाडीत बसताना दर वेळी मोठ्याने म्हणत, "पाव करपला तर सांगा रे कुणीतरी!"

रविवारी दुपारच्या सत्रात गाडीची पाळी माझी होती आणि वळणावर झेंडा त्यांचा. जेवण झाल्यावर ते मला म्हणाले, "झेंडाताई, आज अदलाबदल कर. मला लवकर जाऊन भट्टी पेटवायचीय. माझा फेरा आधी होऊन जाऊ दे. पुढच्या रविवारी तुझ्यासाठी दिवसभर उभा राहतो, अगदी चौकातल्या पुतळ्यासारखा." मी सरांना विचारले. सर म्हणाले, "आपसात ठरवा." अशा अदलाबदली नेहमी होत असत. मी हो म्हणाले. हेल्मेट माझे होते, ते मी काढून त्यांना दिले. त्यांना ते जरा घट्ट होत होते.

मी टायरच्या रांगेमागे, नेमून दिलेल्या जागी उभी राहिले. काही फेऱ्या ठीक झाल्या. मग त्यांची गाडी वळणावर मागून घसरली, गोल फिरली आणि रस्त्यात आडवी थांबली. इंजिन बंद पडले. त्यांना लागलेले नव्हते. त्यांनी खिडकीतून हात काढून मला दाखवला आणि ते हसत होते. मी पिवळा झेंडा काढला आणि हलवू लागले. ते गाडी चालू करायचा प्रयत्न करत होते. मागून दातांचे डॉक्टर आले, तेही आमच्याच वर्गातले. त्यांचा वेग कमी झाला नाही. त्यांची गाडी बेकरीवाल्यांच्या दारावर आदळली आणि बेकरीवाल्यांचा पाय आत चेपला.

मी झेंडा हलवत राहिले. त्यामागे तिसरी गाडी होती. ती थांबली. तोवर बेकरीवाले मला हाका मारू लागले होते. झेंडाताई म्हणून नाही, माझ्या नावाने. त्यांना माझे नाव माहीत आहे हे मला तेव्हाच कळले. अंतर फार नव्हते. सर धावत येऊन सगळ्या गाड्या बंद करीपर्यंत मी जागेवरून हलले नाही. शिकवले होते तसे मी केले. ते बरोबर होते का, असे मी साहेबांना विचारले. तो प्रश्न जबाबात येत नाही, असे त्यांनी सांगितले.

झेंडा दिसला नाही, असे डॉक्टरांनी सांगितल्याचे मला समजले. ते खोटे बोलतात असे माझे म्हणणे नाही. ऊन उतरलेले होते आणि ते माझ्या पाठीमागून त्यांच्या डोळ्यांवर येत होते. मी झेंडा दाखवला हे मला ठाऊक आहे. तो त्यांना दिसला की नाही, हे मला ठाऊक असणे शक्य नाही.

त्याच संध्याकाळी शाळेच्या मालकांनी आम्हाला ऑफिसच्या खोलीत बसवले. शिकवणारे सर वेगळे आणि मालक वेगळे. मालक म्हणाले, "विमा आहे, काळजी नको. पण झेंड्यावर कोण होतं, हे पहिलं विचारतील. शिकाऊ माणूस म्हटलं की संपलं, त्यांच्या पायाला छदाम मिळणार नाही. काका आपले पगारी आहेत. काका होते म्हणा." काका दारात उभे होते. ते म्हणाले, "चालेल की." मालक म्हणाले, "नुसतं नावापुरतं हो काका. तुम्हाला काय कुणी धरून नेतंय?" डॉक्टरांनी होकारार्थी मान हलवली. सर भिंतीकडे बघत होते. मी काहीच बोलले नाही. माझे न बोलणे होकारात धरले गेले, आणि ते तसे धरले जात आहे हे मला दिसत होते.

बाहेर पडताना मी काकांना म्हटले, "काका, तुम्हाला झेंड्यांचे रंगसुद्धा माहीत नाहीत." ते म्हणाले, "अगं पोरी, माझं काय जातंय? भल्या माणसाचा पाय आहे. तू घरी जा, तोंड बघ कसं झालंय."

सोमवारी कामावरून सुटून मी इस्पितळात गेले. आत सोडले नाही. बाहेरच्या बाकावर बेकरीवाल्यांची बायको बसली होती. तिच्या बाह्यांना पीठ लागलेले होते. तिने मला जवळ बसवून घेतले. पायाचे अजून नक्की नाही, म्हणाली. विम्याचे तिला मालकांनी सांगितले होते. ती म्हणाली, "ताई, तुम्ही शिकलेल्या आहात. कुठं काय बोलायचं ते तुम्हाला कळतं. ते गेटवरचे काका म्हातारे आहेत, त्यांना चार शब्द बोलतील आणि सोडून देतील. ह्यांना जन्मभर भट्टीपुढं उभं राहायचंय." मी मान खाली घातली. तिला तो होकार वाटला असेल. तिने माझा हात बराच वेळ सोडला नाही.

काल शाळेतली माझी राहिलेली पिशवी आणायला गेले तर गेटवर काकांच्या खुर्चीत सर बसले होते. म्हणाले, "काकांना नेलं. होतील मोकळे दोनेक दिवसांत." मी विचारले, "तुम्ही खरं का नाही सांगितलंत?" सर म्हणाले, "सांगितलं तर ही शाळा उद्या बंद. मग तुझ्यासारखीनं कुठं जायचं? काचेच्या खोलीत?" मला परवडणारी दुसरी शाळा नाही, हे मी शोधून पाहिलेले आहे.

घरी सांगितले. भाऊ म्हणाला, "स्वतःला अडकवायला शिकवलं का तुला एवढं?" आईने लायसन्स जाईल का, नोकरी जाईल का, असे विचारले आणि उत्तराची वाट न बघता कणीक मळायला घेतली. वडील म्हणाले, "बोल असं मी म्हणणार नाही. बोलू नकोस असंही म्हणणार नाही. सकाळी ट्रक रिकामा आहे, सोडतो तुला." ते बाहेर थांबले आहेत. त्यांनी या जबाबात काहीही सुचवलेले नाही.

काकांना मी आत येताना पाहिले. ते बाकावर बसले होते. मला बघून त्यांनी नकारार्थी मान हलवली, म्हणजे मी बोलू नये असे त्यांचे म्हणणे असावे. ते माझ्या भल्यासाठी होते. तरीही मी बोलले आहे.

या जबाबाने विम्याचे काय होईल, असे मी विचारले. तो विषय ठाण्याचा नाही, असे सांगण्यात आले. माझ्यावर काय होईल हेही विचारले. ते तपासानंतर ठरेल, असे कळले.

वरील मजकूर मला वाचून दाखवला. "झेंडा दाखवला असावा" असे एके ठिकाणी होते, ते मी "झेंडा दाखवला" असे करून घेतले. बाकी माझ्या सांगण्याप्रमाणे आहे, कोणाच्या दाबाखाली नाही. एक विनंती आहे. बेकरीवाल्यांच्या बायकोने जे बोलायला सांगितले होते ते मी बोलले नाही, हे तिला दुसऱ्या कुणाकडून कळू नये. इथून मी तिच्याकडेच जात आहे. मी पोचेपर्यंत ठाण्यातून तिकडे कोणी जाऊ नये.

समक्ष सही केली.