सून पुढं, सासरा मागं

मंडळी, तुम्ही सगळे आलात. कारखान्यातले मामांचे, म्हणजे माझ्या सासऱ्यांचे, सोबती पाळी सोडून आलेत. सासऱ्यांविषयी सुनेनं माईकवर बोलायचं, हे आपल्या कुंभारी गावात कुणी पाहिलं नसेल. मलाही जमेल असं वाटत नाही. चुकलं तर सांभाळून घ्या.

मामांनी उभा जन्म अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या मागावर काढला. सायकलनं जायचं, सायकलनं यायचं. मी वन अधिकारी व्हायची परीक्षा दिली. लेखी झाली, आणि मग कळलं की चालण्याचीही परीक्षा असते. ठरलेल्या वेळात लांबलचक अंतर. नवी सून रोज सकाळी एकटी रस्त्यानं चालणार कशी? मामा म्हणाले, "मी कामाला जातो की रोज. माझ्यासंगं चल."

पहिल्या दिवशी मी डोक्यावर पदर घेऊन त्यांच्या मागे चालले. सून सासऱ्याच्या पुढे चालत नाही, असंच शिकले होते. मामा सायकल हातात धरून चालत होते. थोडं गेल्यावर थांबले. "पुढं हो. माझ्या मागनं आलीस तर माझ्याच चालीनं चालशील. मला कुटं साहेब व्हायचंय?"

दुसऱ्या दिवसापासून पंजाबी ड्रेस, पायात बूट. मी पुढे, मामा मागे. सायकलवर बसा म्हटलं तर म्हणायचे, "इतक्या हळू चालवली तर पडंन की." फाट्यावरच्या हॉटेलात कुणीतरी विचारलं, "काय हो, सून पुढं, सासरा मागं?" मामा म्हणाले, "जिला घाई हाय ती पुढं. तुमाला न्हाय, तुमी बसा." तुमच्यापैकी काहीजण तेव्हा तिथं बसले होते. हसा, हसलं तरी चालेल. मामांना आवडलं असतं.

आत्यांना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, हे रुचलं नव्हतं. "पदर कुटाय हिचा?" एवढंच विचारायच्या. मी त्यांना दोष देत नाही. लोकांची बोलणी घरात बसून त्यांनाच ऐकावी लागत होती.

मामांना खोकला होता. मागावर काम करणाऱ्यांना तो सांगायला नको. एकदा खोकत खोकत ते रस्त्याच्या कडेला बसले. मी धावत मागे आले. तर माझ्यावरच चिडले. "मी बसलो म्हणून तू का थांबलीस? परीक्षेत कुणी बसलं तर थांबणार हायस?"

मीही तशी गप्प बसणारी नाही. म्हटलं, "मामा, जंगलात आपलं माणूस मागं राहिलं तर अधिकाऱ्यानं निघून जायचं का?"

 मामा हसले. "खरं हाय. पण ते जंगलात गेल्यावर. आदी तितपत्तर पोच तर. जा."

माझी निवड झाली तेव्हा मामांनी शहरातल्या सात रस्ता चौकातून नवे बूट आणले. एक नंबर मोठे. म्हणाले, "चालून चालून पाय वाढत्यात." ते बूट घालून मला गाडीत बसताना बघायचं होतं त्यांना. तेवढं राहिलं. गेल्या आठवड्यात कामाला निघताना ते दारातच बसले, आणि उठले नाहीत.

प्रशिक्षणाला परवा हजर व्हायचं आहे. मामांचं तेरावं त्यानंतर आहे. वडीलधारी मंडळी म्हणाली, मुदत मागून घे, सासऱ्याचे दिवस पुरे व्हायच्या आत सून घर सोडत नाही. तुमचं चुकत नाही. माझाही पाय निघत नव्हता. आपलं माणूस मागं राहिलं तर थांबायचं, हे मीच म्हटलं होतं ना?

काल आत्यांनी मला जवळ बोलावलं. म्हणाल्या, "दिवस आमी घालतो. तू थांबलीस तर त्येंनी सायकल हातात धरून चालल्याचं काय?"

म्हणून मी उद्या सकाळी निघते आहे. रागवायचं तर रागवा, पण मनात ठेवू नका. फाट्यापर्यंत आत्या येणार आहेत. या दिवसांत त्यांनी उंबरा ओलांडायचा नसतो, हे मला माहीत आहे. त्यांनाही माहीत आहे. मी नको म्हटलं, तर म्हणाल्या, "तू पुढं चाल. मी येते मागनं."

आता मामांसाठी सगळे दोन मिनिटं शांत उभे राहू या.

मामा, तेवढीच थांबते.