भिंतीवरचं मुंगूस

तपासणीसाठी डोळ्यांत औषध घातल्यामुळे शिक्षिका दवाखान्यातल्या बाकावर डोळे मिटून बसली होती. शेजारच्या आजी-आजोबांचं बोलणं तेवढं तिच्या कानावर पडत होतं.

"आज मोतीबिंदू निघाला, की उद्या पहिलं आपल्या मागच्या भिंतीवरचं मुंगूस बघणार मी."

"उद्या येईलच असं नाही हं. रानातलं जनावर ते, त्याचा काय भरवसा?"

"रोज तर येतं म्हणता. परवा पिल्लंही होती ना?"

"होती... म्हणजे, लांबून दिसली."

"अहो, शेजारी इमारतीचं काम निघालं तेव्हापासून ते फिरकलेलंसुद्धा नाही."

"तुला कोणी सांगितलं?"

"झाडावरच्या साळुंक्यांनी! मुंगूस दिसलं की नुसता कलकलाट करायच्या. आता कशा गप्प असतात."

"मग रोज सकाळी 'आलं का हो?' म्हणून विचारायचीस कशाला?"

"एरवी तुमच्या तोंडातून शब्द तरी फुटतो का!"

मग आजोबांनी घसा खाकरला.

"काल तर भिंतीवर कोल्हा आला होता."

"अगं बाई! एकटाच?"