भिकू मेस्त्रीची हमी

गॅरेजवाल्यांचं कौतुक तुम्ही करा, मी मात्र होड्या बांधणाऱ्या भिकू मेस्त्रीपुढे हात जोडतो. गोवा सुटला त्या सुमाराला मी मालवण-कट्टा टॅक्सी चालवायचो. छोटी, जुनी मोटर. खाऱ्या वाऱ्याने तळाचा पत्रा असा खाल्लेला की बसल्या जागेवरून रस्ता दिसायचा. दोन दिवसांवर पासिंग आलेलं. नापास झालो तर धंदा बंद. पत्रेवाल्याने हात टेकले, पण भिकूने तळाला फणसाच्या फळ्या ठोकल्या आणि फटींत कापूस नि राळ भरली.

"झाला मां? गाडी घेवन जातंय," मी म्हटलं.

"थांब रे. पाण्यात उतरल्याशिवाय माझ्या हातची वस्तू मी कोणाक देणंय नाय."

आणि भरतीला त्याने गाडी खाडीत लोटली की हो! मी आत बसून विडी ओढली, पाय कोरडे.

पासिंगला साहेबांनी वाकून खालून हातोडी मारली. "हे तर लाकूड! याची हमी कोण देणार?"

माझ्यामागून भिकू म्हणाला, "मी देतंय, साहेबानू. बुडली तर माका सांगा."

साहेबांनी हसू दाबत शिक्का मारला. पुढे सात वर्षं मी ती गाडी चालवली. एकदाही बुडाली नाही.