गेटबाहेरचा बदली

करी रोडच्या कॉम्प्युटर रिपेअरच्या दुकानात शैला बंद पडलेला कीबोर्ड मांडीवर घेऊन बसली होती. तिच्या पुढे एकाच चाळीतले दोन म्हातारे, उत्तम आणि चंदू, दुरुस्ती करणाऱ्या पोरासमोर एका लॅपटॉपवर वाकले होते.

"नवी सिस्टिम टाकल्यापासून माझी अकरा वर्षांची पत्रं उघडत नाहीत. नुसते चौकोन दिसतात. उद्या चाळकमिटीपुढे वाचायचीत रे!"

"उत्तमकाका, जुनी सिस्टिम बाहेरच्या ड्राइव्हवर टाकून देतो. ड्राइव्ह लावून चालू केलात की जुनी, काढलात की नवी."

"म्हणजे मिलमधला बदली कामगार. गेटबाहेर उभा, हाक मारली की आत."

"बरोब्बर. पत्रं कसली?"

"तक्रारी. ह्या चंदूच्या. कुंड्यांचं पाणी माझ्या दारात सोडतो."

"आणि तेच सोबत आलेत?"

"मग? ड्राइव्ह त्याचाच आहे."

"चंदूकाका, ड्राइव्ह पूर्ण पुसावा लागेल. आत काय आहे?"

"ह्याचे फोटो. माझ्या कुंड्यांत विड्या विझवताना. एकशे चाळीस."

"पुसू?"

"पूस. बिचारा चौकोन वाचणार काय उद्या?"

"ए, हात लावू नकोस! फोटो गेले तर हा बोलणार काय? मी एकट्यानेच भांडू?"

"मग तुमची पत्रं, काका?"

"पाठ आहेत मला."

"मलापण. विसरलास तर मागून सांगेन."

"चला, ताई, तुमचा नंबर."

शैला उठलीच नाही. दोघं दारात चपला शोधत होते.

"म्हणून दाखव पहिलं पत्र."

"माननीय सेक्रेटरी, सदर इसम चंदू..."

"'सदर उपद्रवी इसम'. उपद्रवी राहिलं."