विट्याच्या संभाचा आजा

भारतीय खेळाचं भलं होणार म्हणता? मग विट्याच्या संभाचं ऐका. रग्बी लीग या खेळाच्या विश्वचषकाची पात्रता फेरी तोंडावर आली आणि निवड शिबिरात सगळ्यांत चांगला खेळलेल्या संभाला वगळलं. त्याच्या जागी परदेशात जन्मलेला, तिथंच वाढलेला खेळाडू घेतला. मी विश्रामबागेतल्या कचेरीत निवड समितीच्या साहेबांना गाठलं.

"हा भारताचा कसा?"

"नियमात बसतो. त्याचे आजोबा भारतात जन्मले होते."

"अहो, संभाचे दोन्ही आजोबा इथलेच. संभाही इथलाच!"

"हो, पण हा तिकडच्या मैदानांवर तयार झालाय."

संभा बाहेर पायरीवर बसला होता. मला म्हणाला, "जाऊ द्या सायेब, चूक आमच्या आज्याची. सोनं गाळायला मद्रासपतुर गेला आन् माघारी आला. तसाच म्होरं परदेशात जाऊन ऱ्हायला असता, तर आज मी भारताकडनं खेळलो असतो."